नवऱ्याला लांब केस आवडतात आणि मला ते कापायचेत

प्रश्न थोडक्यात असा. विचारणाऱ्या बाईंचं वय ३४, लग्नाला नऊ वर्षं झालीत, केस कमरेपर्यंत. दोन वर्षं झाली, खांद्यापर्यंत कापावेत असं मनात आहे. धुणं, वाळवणं, गुंता सोडवणं नकोसं झालंय, आणि आरशात जरा वेगळी बाई दिसावी असंही वाटतंय. नवरा समजूतदार आहे, पण विषय काढला की म्हणतो, “तुझ्या केसांवरच तर भाळलो होतो मी.” त्यांना तीन गोष्टी विचारायच्या आहेत: पुरुषांना लांब केसच आवडतात हे खरं आहे का, कापल्यावर त्याचं आकर्षण कमी होईल का, आणि त्याचं ऐकावं का.

नमनाला घडाभर तेल नको, केसांच्या विषयात तर नकोच. शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देते. त्याचं म्हणणं नीट ऐकून घ्या, पण निर्णय तुमचा आहे. उरलेल्या दोन प्रश्नांची उत्तरं इतकी सरळ नाहीत, कारण ‘आवडतं’ या एका शब्दात माणसं फार निरनिराळ्या गोष्टी कोंबतात. जोडप्यांशी बोलणं हे माझं एकोणीस वर्षांचं काम. केसांवरून सुरू झालेली भांडणं मी मोजायची सोडून दिली आहेत, आणि त्यातलं एखादंच शेवटपर्यंत केसांवर राहिलं.

आता संशोधन. लांब केसांची आवड ही अगदीच हवेतली गोष्ट नाही. हंगेरीतल्या नॉर्बर्ट मेश्को आणि तामाश बेरेत्स्केई यांनी २००४ मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध केला. बायकांचे चेहरे तेच, केस मात्र सहा तऱ्हांचे: आखूड, मध्यम, लांब, विस्कटलेले, अंबाड्यात बांधलेले आणि निगा नसलेले. केस अजिबात न दिसणाऱ्या चेहऱ्याच्या तुलनेत प्रत्येक तऱ्हेला किती गुण मिळतात ते त्यांनी पाहिलं. लांब आणि मध्यम केसांनी सौंदर्याचे गुण वाढले. बाकीच्या चारांनी विशेष फरक पडला नाही. या निकालाचा पहिला भाग सगळे सांगतात आणि दुसरा गाळतात. आखूड केसांनी कोणाचा चेहरा बिघडला, असं त्यात कुठेही नाही. शिवाय मध्यम लांबीचे केस लांब केसांच्याच पंगतीत बसले. तुम्ही तर बॉयकट म्हणतही नाही आहात, खांद्यापर्यंत म्हणताय.

त्याच अभ्यासातली मला जास्त रंजक वाटलेली गोष्ट अशी, की केसांमुळे सगळ्यात जास्त बदल झाला तो ‘ही बाई निरोगी वाटते का’ या गुणांत. स्त्रीत्व, तारुण्य, मादकपणा यांच्यात त्यामानाने कमी. यामागचा तर्क समजायला सोपा आहे. डोक्यावरचा केस महिन्याला साधारण एक ते सव्वा सेंटिमीटर वाढतो. म्हणजे कमरेला टेकलेलं टोक चार-पाच वर्षांपूर्वी टाळूतून बाहेर आलेलं असतं. या काळातलं आजारपण, कुपोषण, हेळसांड केसांवर उमटते. लांब आणि तकतकीत केस म्हणजे शरीराची मागच्या काही वर्षांची हजेरीवहीच, आणि बघणाऱ्याचं मन ती नकळत चाळतं. २००१ मध्ये हिन्झ, मॅट्झ आणि पेशन्स यांनी दोनशेहून अधिक बायकांची पाहणी केली, तेव्हा तरुण बायकांचे केस सहसा जास्त लांब आणि केसांचा पोत प्रकृतीशी जुळणारा आढळला. लांब केस, तारुण्य आणि आरोग्य यांची सांगड बघणाऱ्याच्या डोक्यात का बसते, हे यावरून कळतं.

पण हे सगळं कोणाबद्दल आहे? अनोळखी चेहऱ्याबद्दल, ज्याच्याविषयी दुसरी काहीच माहिती हाताशी नाही. माहिती नसते तेव्हा माणूस जे दिसतं त्यावरून अंदाज बांधतो. तुमच्या नवऱ्याला तुमच्या प्रकृतीचा अंदाज केसांवरून बांधायची गरज उरलेली नाही. तुम्हाला ताप आला की थर्मामीटर तोच शोधतो ना?

आणि ही आवड दगडावरची रेघही नाही. पहिल्या महायुद्धानंतर, १९२० च्या दशकात, युरोप-अमेरिकेतल्या तरुणींनी पिढ्यानपिढ्या वाढवलेले केस हनुवटीपर्यंत कापले. आधी ओरड झाली. बघता बघता तोच बॉबकट आधुनिक, देखण्या बाईची खूण होऊन बसला. एवढ्या थोड्या काळात पुरुषांची जनुकं बदलली नव्हती. त्यांच्या डोळ्यांना नवीन सवय लागली होती.

‘मला अमुक आवडतं’ असं माणूस सांगतो आणि त्याला प्रत्यक्षात जे माणूस आवडतं, यांतही बरंच अंतर असतं. पॉल ईस्टविक आणि एली फिंकेल यांनी २००८ मध्ये झटपट ओळखीच्या (स्पीड डेटिंगच्या) कार्यक्रमात आलेल्या तरुण-तरुणींना आधी विचारून ठेवलं, की जोडीदारात तुम्हाला काय महत्त्वाचं वाटतं. मग प्रत्यक्ष भेटींनंतर कोण कोणाला आवडलं ते पाहिलं. रूप महत्त्वाचं म्हणणारे प्रत्यक्षात रूपाकडे जास्त ओढले गेले, असं दिसलं नाही. डेव्हिड बस यांच्या १९८९ च्या गाजलेल्या अभ्यासात ३७ संस्कृतींमधल्या दहा हजारांवर लोकांना जोडीदाराच्या गुणांविषयी विचारलं होतं. स्त्री-पुरुषांच्या पसंतीतले फरक या अभ्यासातून हिरिरीने सांगितले जातात, आणि पुरुष रूपाला जास्त महत्त्व देतात हा फरक त्यात आहेच. पण दोघांच्याही यादीत वरच्या जागा समजूतदार, मायाळू स्वभाव आणि बुद्धी यांनी पटकावल्या होत्या, हे सांगायला कोणी थांबत नाही.

तर तुमच्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर: हो, सरासरीने थोडा कल लांब किंवा मध्यम केसांकडे दिसतो, पहिल्या नजरेत, परक्या माणसाच्या बाबतीत. नऊ वर्षांच्या संसाराला ते माप लावू नका.

आता त्याच्या वाक्याकडे येऊ. “तुझ्या केसांवरच तर भाळलो होतो.” माझ्यासमोर बसून हे वाक्य पुष्कळ पुरुषांनी उच्चारलं आहे. मी प्रत्येकाला एकच प्रश्न विचारते: “केस कापले तर तुमचं नेमकं काय जाईल?” बहुतेक जण आधी हसतात, मग गप्प होतात. मग जे बाहेर येतं, ते दर वेळी वेगळं असतं.

एकाने सांगितलं, की पहिल्यांदा ती दिसली तेव्हा ती पाठमोरी होती. जिन्यावर पुढे चालली होती आणि वेणी डावीकडून उजवीकडे झुलत होती. पंधरा वर्षांत दोघांचं वजन वाढलं होतं, नोकऱ्या बदलल्या होत्या, एक मोठं आजारपण येऊन गेलं होतं. “त्या दिवसातलं तेवढंच जसंच्या तसं उरलंय,” तो म्हणाला. त्याची बायको शेजारी बसली होती. तिला वेणीची ही गोष्ट माहीतच नव्हती. ‘याला केसांपलीकडे माझ्यात काही दिसत नाही’ असं ती सात-आठ महिने धरून बसली होती. तिने पुढे केस कापले की नाही हे मला माहीत नाही, कारण त्यानंतर ते आले नाहीत. माझ्या धंद्यात हे बहुतेक वेळा चांगलं लक्षण असतं.

दुसऱ्या एकाला भीती वाटत होती. बायको व्यायामाला जायला लागली, कपडे बदलले, आता केस. त्याच्या डोक्यात एकच प्रश्न घोळत होता: ही कोणासाठी बदलतेय? तो विचारायची लाज वाटत होती, म्हणून तो “लांबच छान दिसतात गं” एवढंच म्हणत राहिला. तिने ते हुकूम म्हणून ऐकलं. खरं तर ती विनवणी होती, पण इतक्या वाईट शब्दांत केलेली, की ओळखू येण्याची सोय नव्हती.

काहींना खरंच स्पर्शाची ओढ असते. केसांतून बोटं फिरवणं, झोपताना उशीवर पसरलेले केस, त्यांचा वास. हे जवळिकीतलं सुख आहे, त्याची थट्टा करू नये. खांद्यापर्यंतच्या केसांतूनही बोटं फिरतात हे मात्र त्यांना आठवण करून द्यावं लागतं. आणि काहींना चारचौघांत मिरवायचं असतं: ‘काय केस आहेत हो तुमच्या मिसेसचे!’ हे ऐकायचं असतं. हे कारण कबूल करायला सगळ्यात जास्त वेळ लागतो.

तुमच्या नवऱ्याचं यातलं कोणतं, किंवा यातलं कोणतंच नाही, हे मला इथे बसून सांगता येणार नाही. तुम्हालाही कदाचित माहीत नसेल. तोच प्रश्न त्याला विचारा. आवाजात वादाची धार येऊ न देता विचारा, आणि उत्तरासाठी थांबा.

दुसरा प्रश्न, आकर्षण कमी होईल का. प्रामाणिकपणे सांगायचं तर पहिले काही दिवस त्याला चुकल्यासारखं वाटण्याची शक्यता आहे. ओळखीच्या चेहऱ्याची चौकट अचानक बदलली की मेंदू अडखळतो. बरीच वर्षं मिशी ठेवणाऱ्या माणसाने ती काढली की घरच्यांना दोन दिवस तो कोणी भलताच वाटतो, तसंच. मानसशास्त्रज्ञ रॉबर्ट झायोंक यांनी १९६८ मध्ये दाखवून दिलं, की एखादी गोष्ट वारंवार डोळ्यांसमोर आली, की निव्वळ त्या परिचयानेच ती आवडू लागते. नऊ वर्षं बघितलेले लांब केस त्याला प्रिय आहेत, यात या परिचयाचा वाटा मोठा असणार. तोच परिचय पुढे खांद्यावरच्या केसांच्या बाजूनेही काम करतो. मी पाहिलेल्या जोडप्यांत हे चुकल्यासारखं वाटणं काही आठवड्यांत विरलं. जिथे ते टिकलं, तिथे नात्यात आधीच दुसरीकडे कुठेतरी पाणी मुरत होतं.

याहून मोठा धोका तुमच्या बाजूने आहे. केस कापल्यावर तुम्ही त्याचा चेहरा वाचायला लागाल. एका बाईंचा किस्सा सांगते. घरी आल्यावर नवऱ्याने वर पाहिलं, क्षणभर थांबला आणि म्हणाला, “छान आहे.” त्या थांबलेल्या क्षणावरून महिनाभर अबोला. तो बिचारा अक्षरशः ओळखायला थांबला होता. पण बाईंच्या मनाने घेतलं, की आता मी त्याला आवडत नाही. मग तो जवळ आला की त्यांचं सगळं लक्ष स्वतःकडे: मी आता कशी दिसतेय, हा कंटाळला तर नाही ना. लैंगिकतेचे अभ्यासक मास्टर्स आणि जॉन्सन यांनी १९७० मध्ये शरीरसंबंधातल्या अडचणींवर लिहिताना हेच नेमकेपणाने पकडलं होतं. माणूस त्या क्षणात असण्याऐवजी स्वतःचाच प्रेक्षक होतो, आणि इच्छा विझते. कापलेल्या तीस-चाळीस सेंटिमीटरांनी जेवढं बिघडत नाही, तेवढं या पहाऱ्याने बिघडतं. म्हणून त्याच्या पहिल्या प्रतिक्रियेला फार किंमत देऊ नका. पंधरा दिवसांनी विचारा.

बोलायचं कसं? माझं मत असं, की आधी सांगावं. परवानगी म्हणून नाही. सोबत राहणाऱ्या माणसाला उद्या वेगळी दिसणारी बायको आज कळलेली बरी, एवढ्यासाठी. “शनिवारी केस कापायला जातेय, खांद्यापर्यंत. तुला लांब आवडतात हे मला ठाऊक आहे. तुला काय वाटतं ते ऐकायचंय मला, पण कापणार आहे हे ठरलंय.” यात त्याच्या भावनेला जागा आहे आणि निर्णयाविषयी संदिग्धता नाही. “कापू का रे?” असं विचारून, तो नको म्हणाल्यावर रागावणं हे मी फार पाहिलंय. प्रश्न विचारला की माणूस उत्तर देतो, त्यात त्याची चूक काय? भांडण झाल्यावर सूड म्हणून कापून येणं हा दुसरा प्रकार. त्याने केस जातात आणि भांडण जागच्या जागी राहतं.

हे वाचणाऱ्या नवऱ्यांसाठीही दोन शब्द. आवड सांगायला हरकत नाही. ती एकदा सांगावी. दहाव्यांदा सांगितली की तो दबाव होतो, मग आवाज कितीही गोड असो. कापून आल्यावर आवडले नसतील तर खोटी स्तुती करू नका, तिला कळते. “मला सवय व्हायला वेळ लागेल, पण तू खूश दिसतेयस” हे खरं असेल तर पुरेसं आहे. “कोणाच्या सांगण्यावरून हे ध्यान करून आलीस?” असलं काही तोंडातून निघालं, तर ते केस पुन्हा वाढले तरी तिच्या लक्षात राहील. जॉन गॉटमन यांनी अनेक वर्षं जोडप्यांचं निरीक्षण करून नातं मोडण्याच्या ज्या खुणा नोंदवल्या, त्यांत तुच्छतेने बोलणं ही सगळ्यात घातक ठरली.

आता उलट बाजू, कारण या विषयावर सल्ला देणारे बहुतेक जण ‘कापा आणि मोकळ्या व्हा’ म्हणून थांबतात. जोडीदाराला आवडतात म्हणून केस लांब ठेवण्यात काही कमीपणा नाही. आपण एकमेकांसाठी किती गोष्टी करतो. त्यालाही दाढी कोरलेली ठेवायला सांगत असालच की. फरक ओळखायची माझी रीत साधी आहे. उद्या मन बदललं तर भीती न वाटता कापता येतील का? ‘हो’ असेल, तर ती भेट आहे, खुशाल द्या. आणि मनात कुठेतरी हिशेब चालू असेल, की मी तुझ्यासाठी केस ठेवले आणि तू माझ्यासाठी काय केलंस, तर कापा. तो हिशेब पुढे व्याजासकट मांडला जातो, आणि भलत्याच दिवशी.

एका ठिकाणी मात्र माझा सूर बदलतो. “कापलेस तर बघ”, “घरात घेणार नाही” अशी भाषा असेल, किंवा केसांबरोबर कपडे, फोन, पैसे, मैत्रिणी या सगळ्यावरच त्याची नजर असेल, तर याला आवडनिवड म्हणत नाहीत. हा ताबा आहे. तिथे वर सांगितलेली संभाषणं उपयोगाची नाहीत, कधी कधी धोक्याचीही ठरतात. अशा वेळी आधी विश्वासातल्या माणसाशी आणि समुपदेशकाशी एकटीने बोलावं. तुमच्या पत्रात असं काही मला दिसलं नाही, पण हे वाचणाऱ्या एखादीला याची गरज असू शकते.

केस गळतात म्हणून कापायचे असतील, तर थोडं वेगळं. दिवसाला ५० ते १०० केस गळणं स्वाभाविक आहे, आणि लांब केसांचा पुंजका नुसता दिसायलाच मोठा दिसतो. मोठा ताप, शस्त्रक्रिया, बाळंतपण, अघोरी डाएट यांनंतर दोन-तीन महिन्यांनी भसाभस गळती सुरू होते आणि बहुतेकदा काही महिन्यांत आपोआप थांबते. कापल्याने केस दाट होत नाहीत, कारण मुळाला त्याचा पत्ताही नसतो. भांग रुंदावत असेल किंवा चकत्या पडत असतील, तर पार्लरच्या आधी त्वचारोगतज्ज्ञाकडे जा.

आणि समजा कापले आणि तुम्हालाच आवडले नाहीत, तर? खांद्यापासून कमरेपर्यंत परत यायला सरासरी अडीच-तीन वर्षं लागतील. मन डळमळीत असेल तर आधी पाठीच्या मध्यापर्यंत कापा आणि दोन महिने राहून बघा. दोन वर्षं विचार करूनही तेच वाटत असेल, तर मला नाही वाटत मधल्या थांब्याची गरज आहे. फक्त कापणाऱ्या बाईला लांबी कोरड्या केसांवर बोट ठेवून दाखवा. ओले केस ताणले जातात आणि वाळल्यावर वर चढतात, लाटदार असतील तर चांगलेच. खांद्यापर्यंत म्हणून कापलेले हनुवटीला येऊन बसले, तर नवऱ्याच्या आधी तुम्हालाच धक्का बसेल.